पंचावन्न टन

आईच्या खाटेशेजारी एक शंभर पानी वही असायची. अर्धांगवायूच्या झटक्यात तिची उजवी बाजू पूर्ण गेली होती. रुग्णालयातून घरी सोडताना नर्सने तीन गोष्टी बजावल्या: पाणी चमच्याने आणि बसवूनच द्यायचं, औषधाची वेळ चुकवायची नाही, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला एकदा जखम झाली की महिनोन्‌महिने भरत नाही, हे तिने दोनदा सांगितलं. म्हणून ती वही. कूस बदलली की वेळ लिहायची, डावी की उजवी ते लिहायचं, कातडी लाल दिसली तर तेही लिहायचं.

रात्रीच्या नोंदी रात्रपाळीला सेवेसाठी येणाऱ्या मावशींच्या अक्षरात आहेत. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. मावशी आधी आईच्या कानाशी जाऊन सांगायच्या, "आजी, कूस बदलू या हं." आई गाढ झोपेत असली तरी सांगायच्या. मग पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेखाली घालायचा, आणि अंगाखालच्या आडव्या चादरीसकट तिला स्वतःकडे वळवून घ्यायचं. पाठीशी एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली चादरीची घडी. शेवटी उशीखाली कान दुमडला नाही ना, ते बोटाने चाचपून पाहायचं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. त्यानंतर वहीत नोंद.

आई गेल्यावर काही महिन्यांनी ती वही हाती लागली आणि मी एका वर्षाची पानं मोजली. मावशी त्या वर्षात ३५४ रात्री आल्या होत्या. अकरा रात्री आल्या नाहीत, आणि त्या अकरा रात्रींचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. ३५४ रात्री, दर रात्री सहा वेळा, म्हणजे २,१२४ वेळा. आईचं वजन ५२ किलो. कूस बदलताना सगळं वजन हातांवर येत नाही, म्हणून निम्मंच धरलं, २६ किलो. गुणाकाराचं उत्तर आलं तेव्हा चुकलं असेल असं वाटून मी तो पुन्हा केला. ५५,२२४ किलो. पंचावन्न टन. मार्केट यार्डातल्या ५० किलोच्या पोत्यांत मोजायचं तर १,१०४ पोती. एका बाईने, एका खोलीत, एका वर्षात, मंद दिव्याच्या उजेडात.

यात डायपर बदलणं धरलेलं नाही, पहाटेचं अंग पुसणं नाही, खुर्चीत बसवणं नाही. दिवसपाळीला येणाऱ्या दुसऱ्या मावशींचं कामही यात नाही.

आता पैशांचं सांगते. मावशींना पाठवणाऱ्या ब्यूरोला आम्ही एका रात्रीचे ७०० रुपये देत होतो. वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी चहा घेताना बोलण्यातून कळलं, की त्यातले मावशींच्या हातात ५०० पडतात. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. तासाला ४१ रुपये ६७ पैसे. आठ तासांची पाळी धरली तर ३३३ रुपये. वर्षभरात आमच्या घरातून २,४७,८०० रुपये गेले, मावशींना १,७७,००० मिळाले, आणि मधले ७०,८०० मधेच राहिले. वर्षभर मी हे विचारलं नव्हतं, याची खंत अजून आहे. "ताई, तुम्ही काय करणार, रेटच तसा आहे," असं मावशीच मला समजावत होत्या.

रेट तसा का आहे, हे शोधायला गेलं की आकडे असे काही फुगत जातात की डोकं चक्रावून जातं.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ मध्ये साठी ओलांडलेले १४.९ कोटी लोक होते. २०५० मध्ये ते ३४.७ कोटी होतील. म्हणजे २८ वर्षांत जवळपास २० कोटींची भर. भागाकार केला तर वर्षाला सुमारे ७० लाख, दिवसाला १९ हजारांवर, दर मिनिटाला तेरा. ही गेलेल्यांना वजा करून उरलेली वाढ आहे. तुम्ही हा लेख वाचून संपवाल तोवर दीडशेच्या आसपास ज्येष्ठ वाढलेले असतील. आणि सगळ्यांत वेगाने वाढणार आहेत ते ऐंशीच्या पुढचे, म्हणजे ज्यांना दुसऱ्याच्या हाताची गरज सर्वांत जास्त लागते तेच.

यातले अनेक जण शेवटपर्यंत हिंडते-फिरते राहतील, हे खरं. म्हणून एकच आजार घेऊ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ते होतात ८८ लाख. त्यातल्या दहातल्या एकालाच रात्रंदिवस कुणीतरी जवळ लागतं असं धरू, म्हणजे ८ लाख ८० हजार. आठवड्याचे तास १६८. एका कामगाराने आठवड्याला ४८ तास काम करायचं तर एका खाटेला साडेतीन माणसं लागतात. झाली ३० लाख ८० हजार माणसं. हा एका आजाराचा दहावा हिस्सा आहे. अर्धांगवायू, कंबरेचं मोडलेलं हाड, पार्किन्सन, कर्करोगाचे शेवटचे महिने यात आलेलेच नाहीत. २०११ च्या जनगणनेने मोजलेल्या २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तीही नाहीत. त्यातल्या २९ लाख ६३ हजार एकट्या महाराष्ट्रात होत्या. पस्तीस-चाळीस वर्षांच्या मतिमंद मुलाला रोज आंघोळ घालणारी सत्तरीची आई ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या कामाची एक गोष्ट बाकी कामांहून वेगळी आहे. मागावर आज शंभर वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी पट कापड निघतं. कूस बदलायला मात्र तेव्हाही चार मिनिटं लागत होती आणि आजही लागतात. घास गिळायला आजींना जितका वेळ लागतो तितका लागतोच. उरकायला गेलं तर ठसका लागतो. त्यामुळे "काम वाढवा, पगार वाढवू" हे कारखान्यातलं गणित इथे बसत नाही. इथे पगार वाढवायचा तर तो वाढवायचाच, बदल्यात जास्त काम मागता येत नाही. आणि नाही वाढवला तर फरक कुणीतरी सोसतं. आमच्या घरात तो मावशी सोसत होत्या.

त्याही आधी तो घरातल्या बायका सोसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांच्या वेळवापराच्या पाहण्यांवरून हिशेब मांडला. घरकाम, मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांच्यासाठी दररोज १६.४ अब्ज तास बिनपगारी खर्च होतात. दोनशे कोटी माणसं रोज आठ तास फुकट राबली तर होईल एवढं हे काम. मी त्या तासांना वर्षाच्या ८,७६० तासांनी भागून पाहिलं. उत्तर आलं १८ लाख ७२ हजार वर्षं. एका दिवसात. सोमवारी तेवढी, मंगळवारी पुन्हा तेवढी. आणि यातला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग बायकांचा.

आपल्याकडची २०२४ ची वेळवापर पाहणी हेच सांगते. १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेण्यात रोज वेळ देतात, पुरुष २१.४ टक्के. देणाऱ्यांमध्येही बायकांची रोजची १४० मिनिटं, पुरुषांची ७४. घरात जे फुकट मिळत आलं ते बाजारात आलं तेव्हा स्वस्तच राहिलं. भाव ठरवताना आपल्या मनात सुनेचा भाव असतो, आणि सुनेला आपण कधी काही दिलेलं नसतं.

भाषाही यात हात घालते. "आजींच्या सोबतीला एक बाई ठेवली आहे," असं आपण सहज म्हणतो. मीही म्हणत होते. सोबत म्हटलं की ते काम राहत नाही, नुसतं असणं होतं. अमेरिकेने हाच शब्द कायद्यात घातला. १९७४ साली तिथे घरकामगारांना किमान वेतन आणि जादा तासांचा पगार लागू झाला, पण म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना "सोबत" करणाऱ्यांना त्यातून वगळलं. जमैकातून आलेल्या एव्हलिन कोक यांनी न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळले, कधीकधी सलग चोवीस तास. जादा तासांचा पगार मागायला त्या कोर्टात गेल्या आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जून २००७ मध्ये निकाल लागला तो नऊ विरुद्ध शून्य, त्यांच्या विरोधात. २००९ मध्ये त्या वारल्या. सुमारे २० लाख कामगारांना जादा तासांचा हक्क देणारा नियम २०१३ मध्ये झाला आणि २०१५ पासून लागू झाला. तो मागे घेण्याचा प्रस्ताव तिथल्या कामगार खात्याने जुलै २०२५ मध्ये मांडला.

त्या देशात घरगुती रुग्णसेवक आणि मदतनीस २०२४ मध्ये ४३ लाखांवर होते. वर्षाचा मधला पगार ३४,९०० डॉलर, तासाला १६ डॉलर ७८ सेंट. आपल्याला तो आकडा मोठा वाटतो, तिथल्या घरभाड्यापुढे तो तोकडा आहे. पण मला थक्क केलं ते पुढच्या आकड्याने. सरकारी अंदाजानुसार या कामात पुढची दहा वर्षं दरवर्षी सुमारे ७ लाख ६६ हजार जागा निघणार आहेत. त्यात नव्याने निर्माण होणाऱ्या जागा वर्षाला फक्त ७४ हजार. बाकीच्या, म्हणजे दहातल्या नऊ, सोडून जाणाऱ्यांच्या आणि निवृत्त होणाऱ्यांच्या. पगार कमी ठेवल्याने पैसे वाचतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या जागा भरण्याचा, नव्या माणसाला शिकवण्याचा आणि दर चार महिन्यांनी अंगाला अनोळखी हात लागणाऱ्या आजोबांचा हिशेब मांडावा. आमच्याकडे मावशी टिकल्या. आईला त्यांच्या हाताची सवय झाली होती. नवीन बाई आली की आई अंग ताठ करून घ्यायची आणि दोघींनाही त्रास व्हायचा.

पगार खरोखर वाढवून दाखवला तो न्यूझीलंडने. मुंबईच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येचा देश. तिथे क्रिस्टीन बार्टलेट नावाच्या बाई वीसहून अधिक वर्षं वृद्धाश्रमात काम करत होत्या, तासाला १४ डॉलर ४६ सेंटवर. २०१२ मध्ये त्यांनी कामगार संघटनेच्या मदतीने १९७२ च्या समान वेतन कायद्याखाली दावा लावला. तेच काम करणाऱ्या चार पुरुषांनाही तेवढाच पगार होता, मग असमानता कुठे आहे, असा मालकांचा बचाव होता. बार्टलेट यांचा प्रश्न वेगळा होता: हे काम मुख्यतः पुरुष करत असते तर त्याला किती पगार असता? २०१४ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हा प्रश्न विचारणं योग्य ठरवलं, आणि मग सरकारला वाटाघाटीला बसावंच लागलं.

एप्रिल २०१७ मध्ये तडजोड झाली. पाच वर्षांत दोन अब्ज न्यूझीलंड डॉलर. वृद्धाश्रमांत, घरोघरी आणि अपंगांसाठी काम करणारे ५५ हजार कामगार. वाढ १५ ते ५० टक्के. १ जुलै २०१७ पासून अनुभव आणि शिक्षण पाहून तासाला १९ ते साडेतेवीस डॉलर, आणि चार वर्षांत वरचा दर २७ डॉलरपर्यंत. दर माणशी, दर वर्षी सरासरी सात हजार डॉलरांहून जास्त. ही भीक नव्हती, मागची बाकी होती.

पण या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. मे २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारने घाईघाईने कायदा बदलला आणि बायकांच्या व्यवसायांतले ३३ प्रलंबित दावे एका फटक्यात रद्द केले. रुग्णसेवा करणाऱ्यांचा नवा दावाही त्यात गेला. अर्थसंकल्पात याची "बचत" दाखवली गेली: चार वर्षांत १२.८ अब्ज डॉलर. २०१७ च्या तडजोडीच्या सहापट. मला हा आकडा जगातल्या कुठल्याही कबुलीजबाबापेक्षा स्पष्ट वाटतो. बचत म्हणून लिहिलेली ती रक्कम म्हणजे जो पगार द्यावा लागला असता आणि दिला गेला नाही, तो.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण तो कल्याणाच्या मदतीचा, मजुरीचा दर ठरवण्याचा नाही. नेहमीची अडचण अशी सांगितली जाते, की या बायकांचा मालक कोण? आज एका घरी, चार महिन्यांनी दुसऱ्या घरी. मधे ब्यूरो, आणि तो म्हणतो आम्ही फक्त माणूस पाठवतो.

ही अडचण महाराष्ट्राने एकदा सोडवलेली आहे. हमालाचा मालक कोण, हाच प्रश्न होता. सकाळी या व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी त्या व्यापाऱ्याचा, मधे मुकादम. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक कितीही बदलोत, मजुरी माथाडी मंडळात जमा होते आणि कामगाराला मंडळातून मिळते. मजुरीवर लेव्ही, म्हणजे मालकाने भरायची जादा रक्कम, बसते. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी. याचं नेमकं मोल मार्केट यार्डातल्या जुन्या हमालाला विचारा, तो बोटावर सांगेल. पोत्याचं वजन उचलणाऱ्यासाठी जे राज्य हे करू शकलं, त्याला माणसाचं वजन उचलणारीसाठी ते करता यायला हवं. ब्यूरोची नोंदणी, तासाचा दर, आठवड्याची सुट्टी आणि मंडळ. यात शोधून काढायचं असं काहीच नाही.

यात पैशाची बाजू अवघड आहे, ती झाकून उपयोग नाही. तासाला २० रुपये वाढवले तर बारा तासांच्या रात्रीला २४० रुपये, महिन्याला ७,२०० रुपये. पेन्शनवर जगणाऱ्या घराला हे पेलत नाही. आणि ज्यांना पेन्शनच नाही? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. ब्यूरोच्या दराने ते साडेतीन तासही होत नाहीत. महाराष्ट्रात राज्याची भर धरून १,५०० मिळतात, म्हणजे दोन रात्री आणि वर पावणेदोन तास. तेव्हा सगळं ओझं कुटुंबावर टाकून पगारवाढ होणार नाही. जपानने २००० साली दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला, चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घ्यायचा आणि गरज लागली की बहुतेकांनी खर्चाचा दहावा हिस्सा भरायचा. तिथेही पगार अपुरे आहेत, माणसं कमी पडतात. पण बिल एकट्या सुनेच्या किंवा एकट्या मावशीच्या नावावर फाटत नाही. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे, रक्कम ठरायची आहे.

किती लागेल? मघाचे ८ लाख ८० हजार रुग्ण घ्या. वर्षाचे ८,७६० तास प्रत्येकी, म्हणजे ७७१ कोटी तास. तासाला २० रुपये वाढ सरकारने उचलली तर वर्षाला सुमारे १५,४०० कोटी रुपये, सगळ्या देशाला. एवढे पैसे कुठून आणणार, असं कुणी म्हटलं तर महाराष्ट्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते, हे आठवावं. त्या योजनेला माझा विरोध नाही. मावशीही कुणाची तरी बहीण आहे, आणि ती काम करून पैसे मागते आहे.

माझी आई २६ महिने अंथरुणाला होती. तिच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, हिची कूस कोण बदलतं?

तुमच्या घरी, शेजारी, नात्यात कुठे मावशी किंवा मामा येत असतील, तर या आठवड्यात त्यांना दोन गोष्टी विचारा. आम्ही देतो त्यातले हातात किती पडतात, आणि शेवटची भरपगारी सुट्टी कधी मिळाली. उत्तर ऐकल्यावर बारा तासांनी भागाकार करा, आणि जो आकडा येईल तो पुढच्या वेळी मत मागायला दारात येणाऱ्याला दाखवा.